आजारी लेकराची खाट कोण उचलणार?

संत मार्कच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात एका पक्षघाती माणसाची हकिकत आहे. त्याला चौघे जण उचलून आणतात, दारात गर्दी असल्यामुळे आत जाता येत नाही, तेव्हा ते छप्पर उघडून त्याची खाट प्रभू येशूसमोर खाली सोडतात. या चौघांची नावे शुभवर्तमानकाराने दिलेली नाहीत. ते वैद्य नव्हते आणि रोग बरा करणे त्यांच्या हातात नव्हते. त्यांनी एवढेच केले, की बरे करणाऱ्यापर्यंत आजारी माणूस पोहोचेपर्यंत खाटेचा एकही कोपरा खाली पडू दिला नाही.

आजच्या पाठाचा विषय आहे गंभीर आजारी मुले, त्यांची कुटुंबे आणि त्यांना आधार देणाऱ्या धर्मादाय संस्था. या संस्था नेमके काय करतात, आपल्या वर्धा जिल्ह्यातील कुटुंबाला त्यांचा कसा उपयोग होऊ शकतो आणि आपण धर्मग्रामस्थांनी त्यात कोणता कोपरा उचलायचा, हे आपण क्रमाने पाहू.

१. रोग बरा होतो, पण उपचार अर्धवट राहतात

पुष्कळांच्या मनात अजूनही अशी समजूत आहे, की मुलाला कॅन्सर झाला म्हणजे सारे संपले. ही समजूत चुकीची आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार जगात दर वर्षी सुमारे ४ लाख मुलांना व किशोरवयीनांना कॅन्सर होतो. श्रीमंत देशांत त्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक मुले बरी होतात. गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या अनेक देशांत मात्र हे प्रमाण ३० टक्क्यांहूनही कमी आहे.

मुले तीच, रोग तोच, मग इतका फरक कशामुळे? निदान उशिरा होते, औषधे मिळत नाहीत, ही कारणे आहेतच. आणखी एक मोठे कारण म्हणजे उपचार मध्येच सोडणे. मुलांमध्ये सर्वाधिक आढळणाऱ्या रक्ताच्या कॅन्सरचे उदाहरण घ्या. त्याचे उपचार साधारण दोन ते अडीच वर्षे चालतात. पहिल्या काही महिन्यांत ताप जातो, भूक लागते, मूल खेळू लागते. आईवडिलांना वाटते, लेकरू बरे झाले. इकडे सोयाबीन काढणीला आलेले असते, कापूस वेचायचा असतो, घरी म्हातारी माणसे आणि दुसरी मुले असतात, उसने घेतलेले पैसे संपलेले असतात. कुटुंब गावी परतते आणि पुढच्या तारखेला जात नाही. काही महिन्यांनी रोग उलटतो आणि तेव्हा तो बरा करणे फार कठीण असते.

हे आईबाप निष्काळजी असतात असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांच्या हातातील खाट जड झालेली असते आणि दुसऱ्या कोपऱ्याला कोणी नसते. धर्मादाय संस्थांचे खरे काम येथे सुरू होते. डॉक्टर रोगाशी लढतात आणि या संस्था कुटुंबाला उभे ठेवतात, म्हणजे उपचार शेवटपर्यंत चालू राहतात.

२. पहिला कोपरा : निवारा

वर्ध्याहून मुंबई रेल्वेने साडेसातशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ मध्ये सर दोराबजी टाटा ट्रस्टने सुरू केले. तेव्हापासून देशभरातून रुग्ण तेथे येतात. परंतु बहुतेक दिवशी मुलाला रुग्णालयात दाखल करण्याची गरज नसते. औषध देतात आणि दोन दिवसांनी पुन्हा बोलावतात. मधल्या वेळात राहायचे कुठे? कित्येक कुटुंबांनी मुंबईच्या पदपथांवर रात्री काढल्या आहेत. ज्या मुलाची रोगप्रतिकारशक्ती औषधांमुळे कमी झालेली असते, त्याला पदपथावरचे पाणी आणि डास कॅन्सरइतकेच घातक ठरू शकतात.

आपल्या विदर्भाच्या मातीतील संत गाडगे महाराजांनी ही गरज फार पूर्वी ओळखली होती. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी १८७६ मध्ये जन्मलेल्या या माणसाने मंदिर बांधण्यापेक्षा धर्मशाळा बांधणे पसंत केले. मुंबईत उपचारांसाठी येणाऱ्या गरिबांच्या नातेवाइकांना डोके टेकायला जागा हवी, हा त्यांचा आग्रह होता. दादर येथे त्यांच्या नावाने चालणाऱ्या धर्मशाळेत कॅन्सरचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक अल्प दरात राहतात. परळची नाना पालकर स्मृती समितीही असेच काम करते.

केवळ मुलांसाठी असे काम २००६ मध्ये मुंबईत सुरू झाले. श्यामा व निहाल कविरत्ने या दांपत्याने 'सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स' ही संस्था स्थापन केली. टाटासारख्या रुग्णालयात उपचार घेणाऱ्या मुलाला आईवडिलांसह येथे विनामूल्य राहता येते. प्रत्येक कुटुंबाला स्वतंत्र, स्वच्छ जागा मिळते. स्वयंपाकघर सामाईक असते. आई आपल्या हाताने, आपल्या चवीचे जेवण रांधते. शिधा मिळतो, रुग्णालयात जाण्यायेण्याची सोय होते, मुलांचा अभ्यास घेतला जातो आणि पालकांशी बोलायला समुपदेशक असतात. आता ही केंद्रे देशातील इतर शहरांतही आहेत. येथे प्रवेश रुग्णालयाच्या शिफारशीने मिळतो. म्हणून मूल मोठ्या रुग्णालयात गेले, की पहिल्याच दिवशी तेथील समाजसेवा विभागात जाऊन राहण्याविषयी विचारावे.

संत ज्यूड म्हणजे आपले संत यूदा थदेयुस, आशा सुटलेल्यांचे आश्रयदाते. आजारी मुलांच्या सेवेशी त्यांचे नाव जोडले गेले ते अमेरिकेत. डॅनी थॉमस हा लेबनीज वंशाचा कॅथलिक विनोदी कलाकार तरुणपणी हलाखीत होता. मला वाट दाखव, मी तुझे स्मारक उभारीन, असा नवस त्याने या संताला केला. पुढे नाव आणि पैसा मिळाल्यावर त्याने १९६२ मध्ये मेम्फिस शहरात सेंट ज्यूड मुलांचे संशोधन रुग्णालय उघडले. तेथे उपचारांचे बिल कुटुंबाला दिले जात नाही. त्या काळी या रक्ताच्या कॅन्सरमधून शंभरात जेमतेम चार मुले वाचत. आज त्या रुग्णालयात नव्वदहून अधिक वाचतात. आपल्याकडील संस्था त्या रुग्णालयाची शाखा नाही आणि ती चर्चची संस्थाही नाही. कोणत्याही धर्माच्या मुलासाठी तिचे दार उघडे आहे. संताचे नाव मात्र दोन्हीकडे एकच आहे.

३. दुसरा कोपरा : भाकरी आणि प्रवास

संत मार्कच्या पाचव्या अध्यायात याईरच्या बारा वर्षांच्या मुलीची हकिकत येते. प्रभू तिला उठवतात आणि सगळे थक्क झालेले असताना ते सांगतात, की हिला काही खायला द्या. आम्हाला हे वाक्य नेहमी विचार करायला लावते. एवढ्या मोठ्या चमत्कारानंतरही मुलीला भूक लागली असेल, याचा विसर प्रभूंना पडला नाही.

कॅन्सर किंवा मूत्रपिंडाच्या आजारातील मुलाला औषधाइतकीच अन्नाची गरज असते. कुपोषित मुलाला तीव्र औषधे सोसत नाहीत. म्हणूनच मुलांच्या कॅन्सरसाठी काम करणाऱ्या संस्था आहारावर भर देतात. २००४ मध्ये सुरू झालेली 'कॅनकिड्स' ही अशीच देशभर काम करणारी संस्था आहे. औषध, तपासण्या, आहार, शिक्षण आणि पालकांचे गट अशा अनेक बाजूंनी ती मदत करते.

प्रवासाचेही तसेच. उपचारांसाठी जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला आणि त्याच्या सोबत्याला रेल्वेच्या भाड्यात सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाकडून ठरावीक नमुन्यातील प्रमाणपत्र घ्यावे लागते. सिकलसेल, हिमोफिलिया अशा काही आजारांच्या रुग्णांसाठी एस.टी.मध्येही सवलत आहे. ती कशी मिळते, याची चौकशी आगारात करावी. या सवलती कुटुंबाला ठाऊक नसतील, तर असून नसल्यासारख्या आहेत.

४. तिसरा कोपरा : पैसा आणि कागदपत्रे

आजार कळला, की पहिला प्रश्न पैशाचा येतो. घाईत शेत गहाण टाकण्यापूर्वी पुढील गोष्टी पाहाव्यात.

(अ) महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना. २०१२ मध्ये ही राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने सुरू झाली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले. आयुष्मान भारत योजनेशी जोडल्यानंतर आता कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या ठरावीक उपचारांचे संरक्षण मिळते. योजनेतील प्रत्येक रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतो. प्रथम त्याला भेटावे. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत असावे.

(आ) राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. हा २०१३ मध्ये आपल्याच राज्यातील पालघर येथून सुरू झाला. वैद्यकीय पथके अंगणवाड्या व सरकारी शाळांत जाऊन मुलांची तपासणी करतात. जन्मतः हृदयात छिद्र असलेल्या अनेक मुलांचे निदान आणि पुढची शस्त्रक्रिया या मार्गाने होते. तपासणीच्या दिवशी मुलाला शाळेत पाठवणे, एवढे तरी आपण करू शकतो.

(इ) धर्मादाय रुग्णालये. सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालील मोठ्या रुग्णालयांसाठी मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये योजना ठरवून दिली आहे. त्यानुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्या लागतात. ही मेहेरबानी नव्हे, कायद्याने दिलेला हक्क आहे. दाद मागायची असल्यास धर्मादाय आयुक्तांचे कार्यालय आहे.

(ई) विश्वस्त संस्था. वरील मार्गांनी खर्च भागला नाही, तर मुख्यमंत्री सहायता निधी, टाटा ट्रस्ट, मुंबईच्या सिद्धिविनायक मंदिराचा न्यास अशा ठिकाणी अर्ज करता येतो. रुग्णालयाचे समाजसेवा अधीक्षक अर्जाबद्दल मार्गदर्शन करतात. प्रत्येक ठिकाणी खर्चाचे अंदाजपत्रक, उत्पन्नाचा दाखला आणि डॉक्टरांचे पत्र लागते. त्यांच्या चार-चार प्रती आधीच काढून ठेवाव्यात.

आपल्या जिल्ह्याला तर या बाबतीत मोठा वारसा आहे. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय १९४४ च्या सुमारास बिर्ला अतिथिगृहात केवळ पंधरा खाटांवर सुरू झाले, तेही स्त्रिया आणि मुलांसाठी. त्याच वर्षी फेब्रुवारीत निधन पावलेल्या कस्तुरबांचे नाव त्याला दिले गेले. डॉ. सुशीला नायर यांनी ते वाढवले आणि १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, तेथे वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. १९८० च्या सुमारास डॉ. उल्हास जाजू व त्यांच्या सहकाऱ्यांनी आसपासच्या गावांत ज्वारीवर आधारित आरोग्य विमा सुरू केला. सुगीच्या वेळी प्रत्येक घराने ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची आणि आजारपणात साऱ्या गावाला रुग्णालयाचा आधार मिळायचा. ज्याच्या घरी जास्त त्याने जास्त दिले, ज्याच्या घरी कमी त्याने कमी, आणि उपचार मात्र गरजेनुसार. आरंभीच्या ख्रिस्ती समूहाबद्दल प्रेषितांच्या कृत्यांत आपण जे वाचतो, ते आपल्याच जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी पायलीने मोजून दाखवले.

५. चौथा कोपरा : सोबत

आपल्या विदर्भात कॅन्सरपेक्षाही घरोघरी ठाऊक असलेला एक आजार आहे, तो म्हणजे सिकलसेल. रक्तातील तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, लहान रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि मुलाच्या हातापायांत, छातीत, पोटात असह्य कळा येतात. हा आजार स्पर्शाने होत नाही. तो कोणाच्या पापाचे फळ नाही आणि करणीचाही प्रकार नाही. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. लग्न ठरवण्यापूर्वी रक्ताची साधी तपासणी केली, तर हे आधीच कळते.

नागपूरचे संपत रामटेके कोळसा खाण कंपनीत नोकरी करणारे साधे गृहस्थ होते. आपल्या मुलाला सिकलसेल असल्याचे कळल्यावर ते स्वतःच्या दुःखाशी थांबले नाहीत. त्यांनी सिकलसेल सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था उभी केली, गावोगावी तपासणी शिबिरे घेतली, आणि रुग्णांना सवलती व हक्क मिळावेत म्हणून सरकारदरबारी अखंड खेटे घातले. २०१७ मध्ये त्यांचे निधन झाले आणि २०१८ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला आणि १ जुलै २०२३ पासून देशात सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली, त्यामागे अशा अनेक पालकांची मेहनत आहे. मोठी संस्था नेहमी मोठ्या देणगीतूनच जन्मते असे नाही. कधी कधी ती एका बापाच्या जागरणातून जन्मते.

सोबत अनेक प्रकारची असते. अमेरिकेत १९८० मध्ये रक्ताच्या कॅन्सरने आजारी असलेल्या सात वर्षांच्या मुलाला पोलीस व्हायचे होते. तेथील पोलिसांनी त्याला गणवेश शिवून दिला आणि एक दिवस खरोखर पोलीस केले. तो थोड्याच दिवसांत देवाघरी गेला, पण त्यातून 'मेक-अ-विश' ही संस्था उभी राहिली. भारतात तिचे काम १९९६ पासून चालते आणि गंभीर आजारी मुलांच्या इच्छा ती पूर्ण करते. कुणाला वाटेल, औषधाला पैसे नसताना हे कशाला? परंतु सुया आणि तपासण्या यांतच दिवस घालवणाऱ्या मुलाला आपण अजून एक मूल आहोत, हे आठवणे फार मोलाचे असते.

घरी राहिलेल्या भावंडांनाही विसरू नये. आईवडील आजारी मुलाबरोबर शहरात असतात, तेव्हा मागे राहिलेली मुले आजीच्या किंवा शेजाऱ्यांच्या भरवशावर असतात. त्यांची शाळा सुटते, ती अबोल होतात. त्यांच्याकडे लक्ष देणारी संस्था क्वचितच असते. तेथे शेजारीच उपयोगी पडतात.

६. जेव्हा बरे होणे शक्य नसते

सर्वच मुले बरी होत नाहीत, हे सत्य आपण लपवू नये. काही वेळा डॉक्टर सांगतात, की आता वेदना कमी करणे एवढेच हाती आहे. याला परिहार सेवा किंवा पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. हे हात झटकणे नव्हे. वेदनाशामक औषधे, जखमांची काळजी, घरी भेटी आणि मनाचा आधार हा उपचारांचाच भाग आहे. मुलाने निमूटपणे वेदना सोसाव्यात अशी ख्रिस्तसभेची शिकवण नाही. वेदना कमी करण्यासाठी डॉक्टरांनी दिलेली औषधे घेण्यास कोणताही संकोच बाळगू नये. फादरांना बोलावून आजाऱ्यांचा अभ्यंग संस्कार वेळेवर घ्यावा. तो केवळ शेवटच्या घटकेचा संस्कार नाही, तर आजारपणातील बळ आहे.

येथेच आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. प्रार्थना करावी, नोव्हेना करावी, नवसही करावा. पण कुणी सांगितले म्हणून औषध बंद करू नये. चौघांनी खाट प्रभूकडे नेली, ती वाटेत टाकून दिली नाही.

७. आपल्या धर्मग्रामाने काय करावे?

• आपल्या विभागात आजारी मूल असलेले घर कोणते, याची माहिती लघु ख्रिस्ती समूहाच्या प्रमुखांनी ठेवावी. ते घर ख्रिस्ती आहे की नाही, हे पाहू नये.

• उपचारांच्या तारखा लिहून घ्याव्यात आणि आदल्या दिवशी विचारावे, 'उद्या जाणार ना? सोबत कोणी आहे का?' एवढ्या एका प्रश्नानेही सुटणारे उपचार टिकू शकतात.

• कागदपत्रांसाठी एखाद्या शिकलेल्या तरुणाने एक दिवस द्यावा. तहसील कार्यालयाच्या रांगेत उभे राहणे हीसुद्धा सेवाच आहे.

• रक्तदान करावे. रक्तातील प्लेटलेट्स काढल्यानंतर सुमारे पाच दिवसच टिकतात. म्हणून वर्षातून एका मोठ्या शिबिराइतकेच अधूनमधून येणारे दातेही महत्त्वाचे आहेत.

• मागे राहिलेल्या भावंडांचा डबा, अभ्यास आणि शाळा यांची जबाबदारी दोन-तीन घरांनी वाटून घ्यावी. घरी हंगामाचे काम असेल तर हातभार लावावा.

• पैसे देताना डोळसपणे द्यावेत. शक्यतो रुग्णालयाच्या खात्यात भरून पावती घ्यावी. संस्थेला देणगी देताना तिची नोंदणी आणि हिशेब विचारावा. मुलाचा फोटो आणि आजाराची माहिती आईवडिलांच्या संमतीशिवाय मोबाईलवर पाठवू नये.

आपल्या धर्मशिक्षण वर्गातील मुलांनाही यात वाटा द्यावा. रोममधील 'बाम्बिनो जेसू' अर्थात बाळ येशूचे रुग्णालय १८६९ मध्ये सुरू झाले. सॅल्विआती या घराण्यातील मुलांनी आपल्या बचतीची पेटी आईच्या हाती दिली आणि तिने त्यातून आजारी मुलांसाठी काही खाटांची सोय केली. १९२४ मध्ये घराण्याने ते रुग्णालय पवित्र परमगुरूंच्या हवाली केले. आज ते युरोपातील मुलांच्या मोठ्या रुग्णालयांपैकी एक आहे.

समूहात विचार करण्यासाठी प्रश्न

१. आपल्या गल्लीत किंवा गावात दीर्घ आजाराने त्रस्त असलेले मूल आहे का? त्या घरी आपण शेवटचे कधी गेलो?
२. त्या कुटुंबाच्या खाटेचा कोणता कोपरा आज रिकामा आहे : निवारा, भाकरी व प्रवास, कागदपत्रे व पैसा, की सोबत?
३. पुढील रविवारपर्यंत आपला समूह त्यांपैकी कोणते एक काम हाती घेईल आणि ते कोण करील?

प्रार्थना : हे प्रभो, आजारी लेकरांना तुझा स्पर्श लाभो. त्यांच्या आईवडिलांचे हात थकतील तेव्हा आमचे हात पुढे येवोत. डॉक्टर, परिचारिका आणि सेवा करणाऱ्या सर्व संस्थांना बळ दे. आणि आम्ही उचललेला कोपरा वाटेत खाली ठेवणार नाही, एवढी निष्ठा आम्हाला दे. आमेन.